तुलास्वामींचा रिकामा तराजू

येलहंक्याच्या तळ्याकाठी, फणसाच्या झाडाखाली त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. घोड्यांच्या जटक्यांतून, बैलगाड्यांतून, पायी, नुसत्या बाया येत होत्या. प्रत्येकीच्या कडेवर मूल आणि हातात गुळाची पिशवी. फांदीला पितळी तराजू टांगला होता. त्याची दांडी मनगटाएवढी जाड, दोन्ही टोकांना मोराची तोंडं. तराजूमागे भगव्या गादीवर तुलास्वामी बसले होते.

"अन्न म्हणजे काय? पोटावरचा भार!" स्वामी गरजत होते. "दवाखान्यातलं तेल म्हणजे माशाचं पाप! माझं भस्म मधातून चाटवा. दात येईपर्यंत वरचं काही नको. मूल वाढतं की नाही ते ही तराजूची देवी सांगेल!"

स्वामींना म्हणे जगातल्या सगळ्या भाषा कळत. उत्तर मात्र ते कन्नडमधूनच देत. म्हणून नीलाच्या कानाशी कस्तुराबाई सगळं मराठीत सांगत होत्या.

नीला कोल्हापूरची. लग्न होऊन बंगळूरला आली ती थेट जालहळ्ळीच्या कारखान्याच्या वसाहतीत. नवरा उमाकांत पाळीवर गेला की दिवसभर घरात ती आणि आठ महिन्यांची प्रतिमा. शेजारणी चांगल्या होत्या, पण "सरी" म्हणजे बरं आणि "स्वल्प" म्हणजे थोडं, एवढ्या दोन शब्दांवर मैत्री किती चालणार? निपाणीच्या कस्तुराबाई तेवढ्या मराठी बोलत. दुपारी त्यांनी दारातून "काय गे, जेवलीस काय?" असं विचारलं, की नीलाला दिवस सरल्यासारखा वाटे. त्यांच्याच शब्दावरून ती इथे येऊ लागली होती. त्यांचा नातू गुंडूही भस्मावरच होता.

प्रतिमाची पाळी आली. स्वामींनी दांडीचं गुळाकडचं टोक उचलून कपाळाला लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग एका पारड्यातला नारळ काढून तिथे प्रतिमाला बसवलं आणि दुसऱ्यातला नारळ काढून तिथे गूळ टाकायला सुरुवात केली. गूळ पडत राहिला, पडत राहिला. मागच्या खेपेपेक्षा गुळाचे कितीतरी जास्त अच्चू, म्हणजे साच्यातले खडे, लागले, तेव्हा कुठे दांडी आडवी झाली.

"वाढलं! बाळ वाढलं!" कस्तुराबाईंनी नीलाला मिठी मारली. गूळ स्वामींच्या कोठीत गेला.

नीलाने प्रतिमाला उचललं. मूल हलकं लागत होतं.

परतताना जटक्यात ती हळूच म्हणाली, "अक्का, मला ही हलकी वाटतेय हो."

"देवीनं सांगितलेलं खोटं, आणि तुझे हात खरे?" कस्तुराबाई हसल्या.

उमाकांतही तेच म्हणाला. "एवढ्या बायका वेड्या, आणि तू एकटी शहाणी? रडत नाही, शांत झोपते. आणखी काय हवं?"

नीला पाळण्याशी बसून राहिली. प्रतिमा खरंच रडत नव्हती. महिन्याभरापूर्वी भूक लागली की घर डोक्यावर घ्यायची. आता नुसती आढ्याकडे बघत पडून असायची. रडायलाही अंगात बळ लागतं, हे कोणाला सांगायचं? आईला पत्र टाकलं तर उत्तर यायला आठवडा. आणि आई तरी काय, अंगारा लाव म्हणेल.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ती वसाहतीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर सुगुणाबाई धारवाडच्या, मराठी समजणाऱ्या. त्यांनी प्रतिमाला काट्यावर ठेवलं, मनगट चाचपलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर बसेना.

"काय खायला घालता हिला?"

नीलाने सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, पण त्या ओरडल्या नाहीत.

"मागं आणली होती त्यापेक्षा वजन उतरलंय, बघा. सहा महिन्यांनंतर नुसत्या अंगावरच्या दुधावर मूल वाढत नाही. नाचणीची पेज द्या, मऊ वरणभात तूप घालून, केळं कुस्करून. आजपासून."

"पण तिथे वजन वाढलं! मी डोळ्यांनी बघितलं."

"मग दोन काट्यांतला एक खोटा." डॉक्टरीणबाईंनी प्रतिमाला उचलून घेतलं. काटा शून्यावर येऊन थांबला. "हा माझा रिकामा असला की असा उभा राहतो. त्यांचा रिकामा तराजू बघितलाय काय कधी?"

नीला आठवू लागली. नाही. पारड्यात कायम नारळ असायचे. एक काढला की लगेच मूल, दुसरा काढला की लगेच गूळ. एकदा कुणीतरी विचारलं होतं, तेव्हा स्वामी कडाडले होते, "रिकामा तराजू म्हणजे रिकामी कूस! अशुभ!" ते ऐकून कोणती आई पुन्हा विचारेल?

पुढच्या गुरुवारी ती गेली. प्रतिमाला सहा दिवस पेज मिळाली होती. ती आता किरकिरत होती, आणि ती किरकिर नीलाला गोड वाटत होती. कस्तुराबाई आपल्या मुलाला, पद्माकरला, घेऊन आल्या होत्या. गुंडू त्याच्या खांद्यावर मान टाकून पडला होता.

स्वामींनी प्रतिमासाठी हात पुढे केले. नीलाने तिला छातीशी घट्ट धरलं.

"आधी दोन्ही नारळ काढा. मला तराजू रिकामा बघायचाय."

कस्तुराबाईंनी हे भाषांतर केलं नाही. पण स्वामींना ते मराठी बरोबर कळलं.

"अपशकुनी बाई! लेकराच्या मुळावर उठलीस?"

गर्दीतून शिव्या आल्या. कुणीतरी तिचा पदर ओढला. तिच्या बाजूने बोलणारं तिथे कोणीच नव्हतं. तिने पुढे होऊन एका हाताने दोन्ही नारळ ढकलून दिले.

तराजू एका बाजूला कलला आणि तसाच राहिला. तिने खालचं पारडं वर उचललं. दांडीतून काहीतरी सरकल्यासारखा आवाज झाला, आणि तराजू दुसऱ्या बाजूला कलून तिथेच थांबला.

गर्दी वाकून बघू लागली.

पद्माकर कारखान्यात फिटर होता. त्याने गुंडूला आईकडे दिलं, दांडी खाली उतरवली, कानाशी धरून हलवली. मग मोराचं तोंड धरून पिळलं. ते आट्यांचं निघालं. पोकळ दांडीतून चकचकीत पारा घळघळत गुळावर सांडला.

"पारा आहे हा," तो कन्नडमध्ये सगळ्यांना म्हणाला. "पाण्यापेक्षा कितीतरी जड. नमस्काराच्या नावाखाली हा स्वामी एक टोक उचलतो, की पारा दुसरीकडे पळतो. पहिल्या दिवशी पोराकडचं टोक उचलायचं. पारा गुळाकडे जातो, पोर हलकं भरतं. पुढच्या खेपेला गुळाकडचं उचलायचं. पारा पोराकडे, पोर जड! पोर वाढत नव्हतं. स्वामीची कोठी वाढत होती."

स्वामी त्याआधीच भाताच्या खाचरांतून पळाले होते. त्या घाईत त्यांना एकही भाषा आठवली नसावी.

नीलाला वाटलं होतं, आता बाया तिच्याभोवती जमतील. जमल्या नाहीत. आपापली लेकरं उचलून, मान खाली घालून निघून गेल्या. कस्तुराबाई गुंडूला छातीशी धरून उभ्या होत्या.

"वाढला होता गे माझा गुंडू," त्या पुटपुटल्या. "मी बघितलं होतं. वाढला होता."

नीला जवळ गेली, तशी त्यांनी पाठ फिरवली.

त्यानंतर कस्तुराबाईंचं दार दुपारी बंद राहू लागलं. उमाकांत एकदा "तुझंच खरं निघालं" असं म्हणाला आणि पेपरात डोकं घालून बसला. नीला नाचणी दळायची, पेज शिजवायची, लेकीशी एकटीच बोलत राहायची. भिंतीपलीकडून मराठी ऐकू यायचं, पण तिच्यासाठी नसायचं.

एके दिवशी दवाखान्यात ती प्रतिमाला घेऊन बसली होती. दारातून कस्तुराबाई आल्या, काखेत गुंडू. नीलाला पाहून थबकल्या, मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. पाळी आल्यावर आत गेल्या. डॉक्टरीणबाई पेज, केळं, तूप सांगू लागल्या, तेव्हा त्या एकेक गोष्ट मोठ्याने उच्चारून पाठ करत होत्या. नीलाला बाहेर ते सगळं ऐकू येत होतं. गुंडूला उशीर झाला होता, पण फार नाही.

बायांनो, मूल पोटात असल्यापासून ते वयात येईपर्यंत वाढतं ते अन्नानं, स्वच्छ पाण्यानं, झोपेनं आणि वेळेवरच्या औषधानं. कुणाच्या भस्मानं नाही. हातांना शंका आली तर विचारा, एकटं पडावं लागलं तरी विचारा. प्रश्नाला खरी गोष्ट भीत नाही. भितो तो, ज्याच्या दांडीत पारा आहे.