मी कुंडी होणार नाही

मी एक जुनी कुंडी आहे.

खोडा ते वाक्य. मित्रांनो, ते माझ्या तोंडी घालायचं ठरलं होतं. माझ्या पोटात माती भरायची, झेंडू लावायचे आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठच्या कॅम्पच्या फाटकाशी मला मांडायचं, म्हणजे पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढतील. पुन्हा सुरुवात करते.

मी एक जुनी कॅनू आहे. पाण्यावरची होडी.

माझा जन्म

साच्यावर फायबरचं कापड अंथरलं, त्यावर रेझिन ओतलं, वाळल्यावर मी निघाले. एवढंच. दाणे काढून घेतलेली शेंग पाहा, तशी मी आहे. दोन्ही टोकं निमुळती, मधे पोट, वरून सताड उघडी. एका पात्याच्या वल्ह्याने मला चालवतात.

माझे उपयोग

पाहुण्यांना फिरवणे. हे पाटीवर लिहिलं होतं.

पाटीवर नव्हतं ते असं. कॅम्पच्या स्वयंपाकघरात काम करणारी बनाबाई पलीकडच्या वाडीत राहते. तिकडे गाडीरस्ता नाही. डोंगराच्या कडेने पायी यायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून जुन्या मालकांनी तिला मला वापरायची मुभा दिली होती. मी भाताची पोती नेली. शाळेची पोरं नेली. एकदा बाळंतीण आणली, एकदा शिलाई मशीन, एकदा वाजंत्र्यांचा ढोल, आणि ढोलवाला जागा नाही म्हणून ढोलावरच बसला.

बनाबाईची एक रीत आहे. एकटी असली की ती मागच्या टोकाला बसते आणि पुढच्या टोकात एक गुळगुळीत धोंडा ठेवते. त्याला ती उतारू म्हणते.

"उतारू बसल्याबिगर गाडी सुटत न्हाई," असं म्हणून मगच ती वल्हं उचलते.

मागे एकटंच माणूस बसलं की माझं नाक वर उठतं, आणि उठलेल्या नाकाला वारा धरतो. धोंडा ते खाली दाबून ठेवतो.

मग तो आला

यंदा नगरहून आलेल्या गंधारने कॅम्प चालवायला घेतला आणि सोबत कयाक आणला. नारिंगी, अरुंद, वरून झाकलेला. माणसाने भोकातून कमरेपर्यंत आत शिरायचं आणि कमरेभोवती रबरी झाकण ताणून बसवायचं. वल्ह्याला दोन्हीकडे पाती, त्यामुळे हात बदलायला नको.

खरं तेच सांगते. वेगात तो माझ्या पुढे आहे. लाटांतही पुढे आहे. पाणी त्याच्या पाठीवरून ओघळून जातं, माझ्यात ते येऊन बसतं. मोठा वारा सुटला की मला काठावर थांबावं लागतं, तो तेव्हाच हौसेने निघतो. सगळं मान्य. म्हणून मी कुंडी?

"मावशी, दोन-दोन बोटी सांभाळायच्या कशाला?" गंधार म्हणाला. "समोरच्या काठाला शिवून यायचं. जी जिंकेल ती पाण्यात राहील."

"आन हरंल ती?"

"फाटकाशी ठेवू. झेंडू लावू तिच्यात. छान दिसेल."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला ते खरंच छान वाटत होतं.

कॅम्पचा आचारी सहादेव भांडी विसळता विसळता म्हणाला, "बनावहिनी, झेंडूला पानी घालायचं काम तरी ऱ्हाईल तुला!"

बनाबाई पेटली. आणि पेटलेल्या डोक्याने तिने कधी केलं नव्हतं ते केलं. वाकली, उतारूला उचललं आणि काठावर टाकून दिलं.

"आज हलकी हुऊन पळ, बाई."

अगं, नको! पण होडीला नाक असतं, तोंड नसतं.

मधल्या पाण्यावर आलो तसा घाटावरून वारा उतरला. माझं नाक उठलं, वाऱ्याने ते पकडलं, आणि मी वाळल्या पानासारखी गरगरले. बनाबाई या बाजूने वल्हवी, त्या बाजूने वल्हवी. आम्ही पाण्यावर जिलेब्या पाडत होतो. गंधार पलीकडे शिवून परत आला आणि आमच्यापाशी थांबला.

"मावशी, दोर टाकू का?"

"टाकून तर बघ," बनाबाई म्हणाली. त्याने टाकला नाही.

पराभवानंतर मनात आलेले विचार

विचार नाहीत. राग.

माझी कुंडी होते (अर्धी)

जायला होडी उरली नाही, म्हणून बनाबाई सहादेवच्या घरी राहिली. सकाळी सहादेवने मला पालथी घातली आणि मातीतलं पाणी निघून जावं म्हणून तळाला ड्रिलने भोक पाडलं. दुसरं पाडणार, तोच बनाबाईचा मोबाईल वाजला. वाडीवरून तिची मुलगी सायली ओरडत होती. शेळी, टिकली, बांधावरून पडली होती. पाय मोडला होता, त्यात ती गाभण.

गुरांचा डॉक्टर या काठाला. शेळी त्या काठाला. मोडक्या पायाने ती डोंगर चालणार कशी?

"मी आणतो," म्हणत गंधार निघालासुद्धा. बाणासारखा गेला. आणि बाणासारखा परत आला, नखशिखांत भिजलेला, जाकिटाला शेळीचे केस.

"काय झालं?" बनाबाईने विचारलं.

"बसत नाही ती."

"कुठं बसंल?"

"मांडीवर घेतली होती, मावशी. काठावरच उलटलो. तिला काही झालं नाही, सायलीने धरली."

सहादेवने ड्रिल खाली ठेवलं. "वहिनी, भोक मी पाडलंय, मीच बुजिवतो." त्याने जळणातल्या फाट्याची खुंटी तासली, चिंधी गुंडाळली आणि भोकात ठोकली. बनाबाईने मला पाण्यात लोटलं, उतारूला शोधून नाकात बसवलं आणि खुंटीवर टाच रोवली.

मी गेले. भोकासकट, सरळ.

परत निघताना तिने धोंडा पलीकडेच ठेवला आणि गवत पसरून टिकलीला पुढे निजवलं.

"आज उतारू जित्ता हाय," ती म्हणाली.

वारा आला. माझं नाक जागचं हललं नाही. टिकली सगळ्या जलाशयाला ऐकू जाईल असं ओरडत होती आणि माझ्यात लेंड्या टाकत होती. झेंडूपेक्षा बऱ्या. गंधार थोडा वेळ शेजारून आला, मग डॉक्टरांना बोलवायला झपाट्याने पुढे गेला. आम्ही टेकलो तेव्हा डॉक्टर काठावर उभे होते. ते त्याचं काम होतं आणि त्याने ते चोख केलं.

शेवट

गंधारने स्वतः रेझिन लावून माझं भोक बुजवलं. वण राहिला आहे. झेंडू आता फाटकाशी जुन्या टायरात फुलतात.

टिकली चालू लागल्यावर त्याने विचारलं, "मावशी, पुन्हा शर्यत?"

"लाव की. पन माजा उतारू बसनार."

पुन्हा हरलो. पण एक गिरकी न घेता हरलो, आणि काठावर कुंडीचं नाव कुणी काढलं नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या अखेरीस म्हातारी वस्तू हात जोडते आणि म्हणते, मला जपा. मी म्हणणार नाही. मला जपू नका, रंगवू नका, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढू नका. पोती आणा, पोरं आणा, ढोल आणा. आणि पुढच्या टोकात काहीतरी जड ठेवा.

बसला का उतारू? मग लोटा.