फौजदारबाईंची तालीम

फौजदारबाई पोलिसात नव्हत्या. त्या बसवर कंडक्टर होत्या. 'पुढे सरका, पुढे काय तुमचा बाप झोपलाय का?' असं वर्षानुवर्षं ओरडून त्यांचा आवाज इतका तयार झाला होता, की त्यांनी घरात नुसतं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं भांडण लागलं. फौजदार हे नाव त्यांना पोरांनी ठेवलं. रविवारी दुपारी टेलरबाईंच्या दुकानात त्या पोलीस व्हायच्या म्हणून.

हे पोलीस होणं म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल बायकांनी नाटक कंपनी काढली होती. नाटक कसलं डोंबलाचं! त्या सगळ्या आया होत्या. कुणाचा मुलगा चौकीत मेला होता, कुणाचा चौकीतून घरी येऊन मेला होता, टेलरबाईंचा जगला होता पण त्याला आता चमच्याने भरवावं लागत होतं. चौकीच्या बाकावर, दवाखान्याच्या जिन्यात, अशाच कुठे कुठे त्यांच्या ओळखी झालेल्या. त्यांनी अर्ज केले, मुलांचे फोटो गळ्यात अडकवून मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. कोर्टाने तारखा दिल्या. तारखा देण्यात कोर्टाचा हात कुणी धरणार नाही.

तेव्हा फौजदारबाईच म्हणाल्या, "गेलेल्यांचं व्हायचं ते होईल गं. आहेत त्यांना तरी शिकवू या."

मग दर रविवारी टेलरबाईंच्या मशीन भिंतीशी सरकवल्या जायच्या, कापडाचे तागे माळ्यावर जायचे, आणि मोहल्ल्यातली वयात आलेली पोरं समोरच्या भिंतीशी एकेक करून उभी राहायची. फौजदारबाईंच्या हातात कापड मोजायची लाकडी पट्टी. "थांब रे!" म्हणाल्या की थांबायचं. पळायचं नाही. तोंड भिंतीकडे, दोन्ही हात वर, तळवे भिंतीला. बोलायचं ते फक्त 'हो साहेब' आणि 'नाही साहेब'. खिशात हात घालायचा नाही. आणि आईवरून शिवी दिली तर मान खाली. या शेवटच्या धड्यासाठी फौजदारबाई खऱ्या शिव्या द्यायच्या, अगदी कानातले किडे झडतील अशा, आणि ज्यांच्या नावाने शिव्या चालल्या आहेत त्या आया मागे बाकावर बसून तोंडावर हात धरून हसायच्या. हसतील नाहीतर काय करतील बिचाऱ्या.

फौजदारबाईंचा स्वतःचा मुलगा उलट बोलला होता. चौकीत त्याला कुणीतरी अरे-तुरे केलं, तर म्हणाला, "आवाज खाली करा, मी चोर नाही." जीभ आईची घेतलेली ना. सकाळी त्याला आणायला गेल्या तेव्हा त्यांना चादर उचलून दाखवली. तेव्हापासून फौजदारबाईंनी एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती: तो गप्प बसला असता तर आज घरी असता. हे म्हणजे स्वतःच्या जिभेलाच दोष देणं होतं, पण दोष द्यायला काहीतरी होतं. तेवढ्यावर त्या जेवत होत्या, झोपत होत्या, बस चालू करायला ड्रायव्हरला घंटी देत होत्या.

तालमीला येणाऱ्या पोरांत एक होता बांबू. बेकरीत पाव बांधणाऱ्या बाईचा एकुलता एक, सहा फूट उंच, नुसती हाडं. पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकत होता. पहिल्या रविवारी त्याला शिवी दिली तर फस्सकन हसला. फौजदारबाईंनी पट्टी भिंतीवर आपटली आणि त्याला इतकं झापलं, की मागे बसलेली त्याची आईसुद्धा दचकली. मग मात्र पठ्ठ्या शिकला. असा शिकला की फौजदारबाई नव्या पोरांना म्हणायच्या, "बांबूकडे बघा. याला कुणी बोट लावणार नाही."

बांबू मेला. कामावरून घरी येताना चौकीतल्या दोघा-तिघांनी अडवला, मारला, दवाखान्याच्या दारात टाकला. चौकीचं म्हणणं, तो पळत होता आणि पडला. या आयांची पोरं नेहमी पडतातच. कुणी जिन्यावरून पडतो, कुणी गाडीतून पडतो, पडून पडून त्यांच्या पाठीवर काठीचे वळ उठतात.

फौजदारबाईंनी बातमी ऐकली आणि पहिल्यांदा मनात काय आलं? की पोराने काहीतरी चूक केली. हसला असेल. देवा, असं मनात आलं, आणि त्या विचाराने बरंही वाटलं.

तेही फार टिकलं नाही. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने त्यांना ड्यूटीवरून येताना खुणेने बोलावलं. त्याच्या टपरीसमोरच सगळं झालं होतं. हातातली किल्ली कानशीवर घासत, मान वर न करता तो बोलत राहिला.

"बाई, कोर्टात माझं नाव घ्याल तर मी काही पाहिलेलं नाही. मलाही लेकरं आहेत. पण तुम्हाला सांगतो. पोरगं पळालं नाही. थांब म्हटल्यावर थांबलं. कुणी सांगायच्या आत भिंतीला लागलं, दोन्ही हात सरळ वर. हो साहेब, नाही साहेब. आईवरून घाण घाण बोलले, तरी मान खाली. मग त्यातला एक म्हणाला, 'बघ रे, न सांगता भिंतीला लागला. सराईत दिसतोय. कितीदा आत जाऊन आलास?' पोरगं म्हणालं, 'नाही साहेब.' तिथून सुरुवात झाली."

 किल्लीवाल्याने पाणी पुढे केलं, ते न घेताच फौजदारबाई चालू लागल्या.

आयांची एक पद्धत होती. कुठल्याही घरी असं झालं की पहिल्यांदा तिघी जायच्या. टेलरबाई सरळ त्या घरच्या चुलीचा ताबा घ्यायच्या. नर्सबाई, म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स, आयांमधली एकटी बहीण, भाऊ गेला होता तिचा, ती पोस्टमॉर्टेमचे कागद मागून घ्यायची. आणि फौजदारबाई दारात बसायच्या. मिटवून टाका सांगायला येणारे मध्यस्थ, कॅमेरेवाले, उगाच चुकचुकणारे, सगळ्यांना वाटेला लावायचं काम त्यांचं. या वेळी बेकरीवालीच्या जिन्यातच थांबून त्यांनी किल्लीवाल्याचं बोलणं दोघींना सांगितलं.

टेलरबाई पायरीवर बसल्या. नर्सबाई कठड्याला टेकून उभी होती.

"हे तिला सांगू नका," ती म्हणाली. "ती विचारणारच, चूक काय झाली. सगळ्या विचारतात. काहीतरी बारीकसं सांगा. घाबरून हात हलला म्हणा. नाहीतर रविवारी कोण पोरं पाठवील? आणि ती तरी कशावर जगेल?"

"खोटं बोलू?"

"मग खरं बोलून काय दिवे लावणार आहात, फौजदारबाई?"

फौजदारबाईंना पटलं. खरंच पटलं. हात हलला. दोन शब्द तर होते.

बेकरीवालीचं घर म्हणजे एक खोली आणि पडद्यामागे मोरी. कोपऱ्यात बांबूने घरी आणलेल्या जुन्या मोटारी, तांब्याच्या तारांचे गुंडाळे. नातेवाईक येऊन गेले होते. ती खाली बसली होती, डोळे कोरडे ठक्क. टेलरबाईंनी चहाचं आधण ठेवलं, नर्सबाईने कागद मागितले, तिने निमूट काढून दिले. दाराशी कुणी येत नव्हतं, म्हणून फौजदारबाईंना मान फिरवून बसायलाही निमित्त मिळेना.

"ताई," बेकरीवाली म्हणाली, "मला करून दाखवा."

"काय करून दाखवू?"

"तालीम. मी भिंतीशी उभी राहते. तुम्ही ओरडा. त्याचं काय झालं असेल ते मला कळू दे."

"अगं, वेडी की काय तू!" टेलरबाई म्हणाल्या. "चहा घे आधी."

पण ती उठलीच. ज्या भिंतीवर बांबूचे शर्ट खिळ्याला लटकत होते तिथे जाऊन तोंड भिंतीकडे करून उभी राहिली आणि हात वर केले. बुटकी बाई, हात शर्टांच्या कॉलरपर्यंतसुद्धा पोचेनात.

"ओरडा ना ताई."

फौजदारबाईंनी तोंड उघडलं. भर गर्दीत बसच्या पुढच्या दारापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज, तो त्यांना सापडेचना. "थांब रे," असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

"हो साहेब," ती भिंतीला म्हणाली. मग जरा वेळाने, "नाही साहेब."

नर्सबाई कागद वाचायची थांबली होती.

"इथेच चूक झाली ताई," बेकरीवाली तशीच भिंतीशी उभी राहून म्हणाली. "मला माहीत आहे. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मागे दुकानात शिडीवरून पडला होता ना तो, त्याचा डावा खांदा वर जायचा नाही. अर्ध्यात अडकायचा. तुमच्याकडे दात-ओठ खाऊन वर करायचा आणि घरी येऊन शेकत बसायचा. मी म्हटलं, फौजदारबाईंना सांगते, तर म्हणे, 'आई, सगळ्यांसमोर माझी लाज काढू नकोस.' मी ऐकलं त्याचं. त्यांना वाटलं असणार हा हात खाली घेतोय, खिशात घालतोय. मी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला दुसरं काहीतरी शिकवलं असतं. हो ना? मीच नाही सांगितलं."

ती मागे वळली. फौजदारबाईंनी तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा त्यांना चांगला ओळखीचा होता. रोज आरशात बघत होत्या.

आता काही बोलायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. रविवारी पोरं आली असती, आणि ही बाई उरलेला जन्म तो खांदा उराशी धरून बसली असती, मी मारलं माझ्या लेकराला म्हणत. नर्सबाई डोळ्यांनी सांगत होती, हो म्हणा. पण फौजदारबाईंना ते बघवेना. जे आपण सोसतोय ते दुसऱ्या बाईच्या पदरात कसं टाकायचं?

"नाही गं," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात वर होते त्याचे. सरळ. बघणाऱ्याने मला सांगितलंय."

"डावासुद्धा?"

"डावासुद्धा."

"दुखला असणार," ती म्हणाली, आणि खाली बसली.

मग फौजदारबाईंनी सगळं सांगितलं. न सांगता भिंतीला लागला ते, सराईत म्हणाले ते, 'नाही साहेब' ते. एकदा सुरुवात केल्यावर त्यांना थांबताच येईना. "मी शिकवलं तसंच केलं त्याने, शब्दाला शब्द. माझा बोलला, तर उर्मट म्हणून मारला. तुझा गप्प राहिला, तर सराईत म्हणून मारला. त्यांना मारायचंच होतं गं. त्याची काही चूक नाही. तुझीही नाही. माझ्या पोराने तोंड शिवून घेतलं असतं तरी…" इथे त्यांचा आवाज फुटला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या परक्या घरात ढसाढसा रडल्या. टेलरबाईंनी त्यांना धरलं. आधण उकळून उकळून आटलं, कुणाचं लक्षच नव्हतं.

बेकरीवाली मात्र रडली नाही. ती आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होती. भिंतीचा चुना लागला होता त्यांना.

"म्हणजे काही केलं असतं तरी," ती म्हणाली.

तिने तळवे पदराला पुसले.

"सांगितलं असतं, नसतं सांगितलं. तालमीला आणला असता, नसता आणला. सगळं सारखंच."

"हो," फौजदारबाई म्हणाल्या.

तिने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

"ताई, मी सकाळपासून तो खांदा धरून बसले होते. तेवढा तरी ठेवायचा होतात माझ्याजवळ."