दक्षिणेकडे तोंड करून

मी दगडी घर बोलतोय. पण आधी तुमचे खिसे दाखवा. खडू नाही ना? मग बसा.

हसू नका. माझा जन्म इंग्लंडमधल्या एका टेकडीच्या कुशीत झाला, शेतकऱ्याच्या हातून. भिंती हातभर जाड. बाहेर दगड, आत दगड, मधे खडी-चुना, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारे लांब आडवे दगड. छपरालाही दगडाच्याच पातळ फरश्या. उत्तरेचा वारा बोचतो म्हणून तिकडे खिडकी जवळजवळ नाहीच. दार दक्षिणेला, कारण तिथे हिवाळ्यात ऊन तिकडूनच येतं. साधी अक्कल होती ती.

मग एक श्रीमंत अमेरिकन आला. गोड हसला, भिंतीवरून हात फिरवला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या माणसांनी दगडादगडावर खडूनं आकडे घातले. मला उतरवून, खोक्यांत भरून, इथे अमेरिकेत, शॉमबर्ग गावाच्या पलीकडे पुन्हा उभं केलं. तोंड दक्षिणेलाच ठेवलं, तेवढे उपकार. तेव्हापासून कुणी मायेनं हात फिरवला की मी आधी त्याचे खिसे बघतो.

गेल्या उन्हाळ्यात निमिष आणि नेत्रा हे जोडपं राहायला आलं. तिनंही हात फिरवला. मी मनात म्हटलं, यांच्यावर नजर ठेवायला हवी.

महिनाभरात निमिषची नोकरी गेली. आता व्हिसाचं काय, हा घोर. दुसरी नोकरीही लवकर मिळेना. नागपूरहून त्याचे वडील मोरेश्वरराव आले, फोनमधलं होकायंत्र धरून माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दक्षिणमुखी. तरीच."

म्हणजे नोकरीवरून काढलं ऑफिसनं आणि आळ माझ्यावर! दारासमोर चपलांचा रॅक आला, सगळ्यांची ये-जा मागच्या किचनमधून. पूर्वेच्या भिंतीत नवं दार पाडायचं ठरलं. काँट्रॅक्टर आला, खिशातून खडू काढला आणि भिंतीवर दाराएवढा चौकोन आखून गेला. ते लांब दगड नेमके तिथेच आहेत. ते निघाले की भिंत सुटणार आणि छप्पर खाली येणार. हे मी कुणाला सांगू?

"बाबा, लेऑफ दिशेमुळे झालेला नाही," नेत्रा म्हणाली.

"करून बघायला काय जातं?"

माझं सगळंच जाणार होतं.

फेब्रुवारीत काटकसर म्हणून त्यांनी हीटिंग कमी केलं. मोरेश्वररावांचे गुडघे धरले, अंगावरची शाल निघेना. एके दिवशी पार्सलचं मोठं खोकं किचनच्या दारातून जाईना. नेत्रानं वैतागून रॅक ढकलला, माझं दार उघडलं, खोकं आत घेतलं आणि थंडी अडवणारं बाहेरचं काचेचं दार तेवढं लोटलं. ऊन पार चुलाण्यापर्यंत आलं. मोरेश्वरराव आधी तिरक्या नजरेनं बघत राहिले. मग खुर्ची जरा पुढे घेतली. मग आणखी जरा. दुपारी पाहतो तर स्वारी उंबऱ्याशी, पाय उन्हात, चक्क घोरतेय. नाटक असेल म्हणून मी बराच वेळ ऐकलं. खरंच झोपले होते.

उठल्यावर म्हणाले, "निमिष, त्या काँट्रॅक्टरला थांबव."

"कॅन्सल करू?"

"कॅन्सल नको. थंडी संपेपर्यंत थांबव."

तेवढीच मला मुदत. तेव्हा एक मागणं आहे. आत जाल तेव्हा मोरेश्वररावांशी खुशाल गप्पा मारा, पण उन्हाळा जवळ आलाय असं चुकूनही बोलू नका. जन्मभर ऊन धरायला उभा राहिलेला मी, आता रोज सकाळी बर्फाची वाट बघतो.