एकाहत्तरावं पान

मला वाचता येत नाही, ही गोष्ट जगात फक्त दोन माणसांना ठाऊक आहे असा माझा समज होता. एक मी आणि दुसरा माझा नवरा. त्यातला दुसरा गेला.

मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला आहे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं आमच्याकडे मळून येतं आणि घडी होऊन जातं. मी रोलरवर असते. ओली चादर एका बाजूने सरकवायची, दुसऱ्या बाजूने कोरडी ओढून घ्यायची. याला अक्षरं लागत नाहीत. कोणत्या वॉर्डचा गठ्ठा कोणता, ते चिठ्ठीच्या रंगावरून कळतं. आकडे मला येतात, कारण मशीनचं तापमान आकड्यांत असतं. सही येते. एवढ्या भांडवलावर मी अठरा वर्षं काढली आणि कुणाला संशय आला नाही.

मग आमच्या खात्याच्या प्रमुख ताईंनी भिंतीवर ते पोस्टर लावलं. त्यावर पृथ्वीचा गोळा होता आणि त्याच्याभोवती पुस्तक घेऊन बसलेली माणसं. ताई म्हणाल्या, एका ठरावीक दिवशी जगभर लोक एकत्र बसून मोठ्याने वाचणार आहेत. ज्यांना येतं ते, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी. "आपल्यात न येणारं कुणी नाही," ताई म्हणाल्या, "पण आपणही वाचू या." मी सगळ्यांच्या आधी मान डोलावली. एक दिवसाचं खूळ आहे, निभावून नेऊ, असं वाटलं होतं.

खूळ गेलं नाही, उलट त्याला नियम फुटले. जेवणाच्या सुट्टीत घडीच्या टेबलाभोवती बसायचं. आम्ही अकरा जण. दिवसाला एक पान, आणि ते वाचणारा एकच. उद्या ज्याची पाळी, त्याने पुस्तक आज घरी न्यायचं आणि तयारी करून यायचं. वाचताना ओळ चुकू नये म्हणून डाव्या हाताला बसलेल्याने ओळीखाली बोट फिरवायचं. माझ्या डाव्या हाताला टाचणी. एवढीशी बाई, पण टोचायला लागली की रक्त काढेल, म्हणून हे नाव. पुस्तक होतं एका नावाड्याचं आणि त्याच्या कुत्र्याचं. चारशे पानी. वाहतुकीच्या गाडीवरचे काका म्हणाले, "हे पुस्तक संपेपर्यंत मी रिटायर होईन, शेवट मला फोन करून कळवा."

मला मात्र हसू सुचत नव्हतं. दर अकरा दिवसांनी पाळी येणार म्हणजे येणारच. पहिल्या पाळीच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर मी नवऱ्यापुढे पुस्तक आपटलं आणि म्हटलं, "नोकरी सोडते."

तो बसच्या डेपोत टायर बदलायचा. हात धुऊन धुऊनही काळे राहायचे. त्याने पुस्तक उघडलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाला, "अगं, चादर वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुझं पाठ होईल. मी वाचतो, तू म्हण." तो एक वाक्य वाचायचा, मी म्हणायचे. मग दोन वाक्यं. पान संपलं की पुन्हा पहिल्यापासून. झोपेपर्यंत मला अख्खं पान यायचं, त्याच्या खोकल्यासकट. दुसऱ्या दिवशी मी उभी राहायचे, पानाकडे बघायचे आणि म्हणून टाकायचे. टाचणीचं बोट ओळीखालून सरकत राहायचं. पाचवं पान झालं, सोळावं, सत्ताविसावं, अडतिसावं. ताई एकदा म्हणाल्या, "तुझं वाचन ऐकायला सगळ्यांत बरं वाटतं." मी लाजेने लाल झाले, त्यांना तो विनय वाटला.

घरी गेले की दुसऱ्यांनी वाचलेलंही मी नवऱ्याला सांगायचे. एकदा सांगितलं, "आज काकांच्या पानात कुत्र्याने कोळ्याचा मासा पळवला." तो जेवता जेवता थांबला. "कुत्र्याने? नक्की?" मी म्हटलं, नक्की. "कोण हे काका?" म्हणाला आणि असा हसत सुटला की त्याला ठसका लागला. मला काही कळलं नाही. मासा पळवण्यात एवढं काय आहे, असं म्हणून मी त्याच्या पाठीत दोन धपके घातले.

माझी पुढची पाळी एकाहत्तराव्या पानाची होती. आदल्या संध्याकाळी त्याने ते वाचलं, मी पाठ केलं. तीनदा म्हणून दाखवलं. सकाळी तो कामावर गेला. दहा वाजता डेपोत चहा घेता घेता तो एका टायरवर बसला आणि पुन्हा उठला नाही. मला ताईंनी रोलरवरून बाजूला नेऊन सांगितलं. मी म्हटलं, "हातातली एवढी चादर काढते," आणि काढली. घडीही केली.

त्यानंतरचं मला सगळं आठवतं, पण दुसऱ्या कुणाला झाल्यासारखं. दाढ काढताना सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं अंगभर झालं होतं. घर माणसांनी भरलं. माझी जाऊ मला मिठी मारून रडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रड गं बाई, मोकळी हो," सगळ्या म्हणत होत्या. मलाही रडायचं होतं, येतच नव्हतं. नणंद दारामागे कुणाला तरी म्हणाली, "दगड आहे." मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, बरोबर आहे. चौथ्या दिवशी टाचणी भेटायला आली, अर्धा तास बसली आणि जाताना पुस्तक घेऊन गेली.

नवव्या दिवशी मी कामावर हजर झाले. माझं पान माझ्या जागी टाचणीने वाचून टाकलं होतं. पाळी ठरल्याप्रमाणे चालू होती. मी ऐकायला बसायचे, पण कानात शिरायचं नाही. एकच गोष्ट अधूनमधून जाणवायची, तीही खाज यावी एवढीच. एकाहत्तरावं पान पुन्हा ऐकावं. नवरा शेवटचं जे मोठ्याने बोलला होता, ते म्हणजे हे पान. सकाळी तो काय बोलला ते आठवत नव्हतं, बहुधा डबा कुठे आहे वगैरे. पानही आता धड आठवत नव्हतं. सुरुवात यायची, मध्ये खिंडार पडायचं. त्याचं मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, पान कुठे पळून जातंय? छापलेलं आहे. कुणीही वाचलं की तेच निघणार, आणि ते ऐकलं की कदाचित रडू येईल.

अडचण एवढीच होती की त्यासाठी कुणाला तरी सांगावं लागणार होतं, मला वाचता येत नाही. अठरा वर्षांची अब्रू होती. जावेला सांगावं तर ती गावभर करणार. टाचणीला सांगावं तर ती म्हणणार, मग इतके दिवस काय माझ्या बोटाला नाचवत होतीस?

असे दिवस गेले आणि ब्याऐंशीवं पान आलं, म्हणजे माझं. पुस्तक घरी आणलं. टेबलावर उघडून बसले. एकाहत्तर आकडा मला शोधता आला. ते पान काळ्या मुंग्यांनी भरलेलं होतं. मी त्यावर तळवा ठेवून बराच वेळ बसले. काही झालं नाही, म्हणून उठून भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी सगळे टेबलाभोवती बसले. टाचणीने बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला वाचता येत नाही. आजपर्यंतचं सगळं पाठ केलेलं होतं. नवरा वाचायचा. मला एकाहत्तरावं पान ऐकायचंय, कुणीतरी वाचा."

मला वाटलं होतं, छत कोसळेल. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. काका डब्याचं झाकण लावत म्हणाले, "बस बाई. बस आधी." टाचणीने पानं मागे उलटली, घसा साफ केला आणि वाचायला लागली.

"नावाडी पहाटे उठला. कुत्रा त्याच्या पायाशी... म्हणजे पायाशी झोपला होता. मग तो... कुत्रा... भुंकला." तिचं बोट एका जागी थांबलं होतं. "मग त्याने, काय बरं, भाकरी मागितली."

"हे नाही," मी म्हणाले. "असं नव्हतं ते. तुला वाचता येतं ना? मग आहे तसं वाच."

टाचणीने ताईंकडे पाहिलं. ताईंनी तिच्या हातातून पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि सरळ वाचत गेल्या. नावाडी पहाटे उठला. त्याने होडीला डांबर लावलं. नदीला पाणी कमी होतं. पलीकडच्या काठावर कुणी हाक मारत नव्हतं. तो एकटाच बसून राहिला. पान संपलं.

"कुत्रा कुठंय?" मी विचारलं.

टाचणी म्हणाली, "अगं, कुत्रा बुडाला. अडतिसाव्या पानावर."

"अडतिसावं पान माझं होतं."

"हो. तू म्हणालीस, कुत्रा पोहत काठाला लागला आणि त्याने अंग झटकून नावाड्याला भिजवलं. माझं बोट होतं ओळीवर. ओळीत लिहिलं होतं, पाण्यावर नुसता पट्टा तरंगत राहिला. मी तुझ्याकडे बघितलं, तू पानाकडे बघत इतक्या आनंदाने म्हणत होतीस. संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तुझं पाठांतर आम्हाला पाचव्या पानापासूनच ठाऊक होतं. नावाड्याच्या गोष्टीत टायर पंक्चर कसा होईल? पण कुत्रा जिवंत ठेवलास आणि पंचाईत झाली. पुढच्याने काय वाचायचं? खरं वाचलं तर तू सगळ्यांसमोर उघडी पडणार. मग ठरवलं, कुत्रा मेला नाही म्हणजे नाही."

"मासा मी पळवला," काका म्हणाले. "म्हणजे कुत्र्याने. त्या पानात नावाडी कुत्र्यासाठी रडत बसला होता. ते वगळलं तर मला वाचायला तीनच ओळी उरल्या, मग काय करणार?"

एकोणपन्नास आणि साठ ही पानं मधली, तीही माझीच. तिथेही कुत्रा होता, माझ्या नवऱ्याने घातलेला. मला तो ठसका आठवला. त्याला त्याच वेळी कळलं होतं की इथली दहा माणसं आपल्या थापेत सामील झाली आहेत. मला मात्र कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. मी चिडले. किती आठवड्यांनी मला काहीतरी वाटलं आणि तो राग होता. "मला मूर्ख बनवलंत," मी म्हणाले. "त्यानेही आणि तुम्हीही."

"बनवलं," टाचणी म्हणाली. "आता सांग. त्याचं एकाहत्तरावं काय होतं? ते आम्ही ऐकलेलंच नाही."

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी ते पान निष्काळजीपणाने गळू दिलं होतं, पुस्तकात आहे म्हणून. ते पुस्तकात नव्हतं. ते फक्त त्याच्या तोंडात आणि माझ्या डोक्यात होतं, आणि त्यातलं तोंड गेलं होतं. मी उभी राहिले, पाळी असल्यासारखी, आणि म्हणायला लागले. ताईंनी वॉर्डची एक चिठ्ठी उलटी केली आणि लिहून घेऊ लागल्या.

"नावाडी पहाटे उठला. होडीच्या तळाला भोक पडलं होतं. त्याने जुन्या टायरचा तुकडा कापला आणि ठोकून बसवला. असं ठिगळ दहा वर्षं हलत नाही." काका हसले. मीही हसले असेन. "काम होईपर्यंत कुत्रा त्याच्या चपलेवर बसून होता. म्हणजे नावाड्याला चप्पल घालून कुठे जाता येऊ नये. नावाडी म्हणाला, ऊठ. कुत्रा उठला नाही. मग नावाड्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाला..."

पुढे काही नव्हतं.

मी पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. भोक, टायर, चपला, हात. म्हणाला. पुन्हा तिथेच. टाचणीने सवयीने ओळ दाखवायला बोट पानावर ठेवलं आणि लगेच उचलून घेतलं. माझ्यासमोर अकरावं, ब्याऐंशीवं, चारशेवं, कितीही पानं धरली असती तरी ते वाक्य कुणी दाखवू शकत नव्हतं. लहान वाक्य होतं, एवढं मला ठाऊक होतं. ते वाचताना, वाचण्याचं सोंग करताना, त्याने पुस्तक खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं होतं. मी तीनदा म्हणाले होते. तिसऱ्यांदा तर जांभई देत.

"मी आलोच, असं असेल," ताई हळूच म्हणाल्या.

"नाही."

"चल माझ्याबरोबर?" काका म्हणाले.

"नाही, असं नव्हतं."

मशीनची घंटा झाली. सुट्टी संपली होती. कुणी उठलं नाही. एकेक जण सांगत गेला. घाबरू नकोस. शहाणा आहेस. उद्या बघू. मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. जे नव्हतं ते मला बरोबर ओळखू येत होतं. शेवटी सांगणारं कुणी राहिलं नाही. टाचणीने चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली, माझं बोट धरलं आणि शेवटच्या शब्दाखाली ठेवलं. "हे आहे 'म्हणाला'," ती म्हणाली. "म, ह, ण."

मी 'म्हणाला' असं मोठ्याने वाचलं आणि मला रडू फुटलं. घंटा झाली होती, रोलर तापलेला होता, ओल्या चादरींचा ढीग तसाच पडून होता. मी टेबलावर डोकं ठेवून त्याच्यासाठी रडले.