टाकलेले एक्के

बावीस वर्षं मी दुसऱ्यांना पत्ते वाटले. कॅसिनोत नोकरी करणाऱ्याला खेळायची बंदी. नुसतं वाटायचं आणि तोंड मिटून बसायचं. आणि माझं तोंड कसं आहे ते फिलिपिन्समधल्या आमच्या अख्ख्या सेबू शहराला ठाऊक आहे! मार्चमध्ये निवृत्त झाले. जूनमध्ये मुलीकडे कॅनडात, विनिपेगला जायचं, नातवंडं सांभाळायला, कायमचं. मधल्या दिवसांत एकदाच, फक्त एकदाच, पोकरच्या मोठ्या स्पर्धेत खेळणारी म्हणून बसायचं होतं. तिथली फी माझ्या ऐपतीबाहेरची, म्हणून या पात्रता फेरीत उतरले. इथे जागा मिळाली तर ठीक, नाहीतर या जन्मापुरता विषय संपला.

त्या दुपारी नऊ जण उरलो होतो आणि जागा होत्या आठ. आठही सारख्याच. पहिला आला काय नि आठवा आला काय, हातात मोठ्या स्पर्धेच्या प्रवेशाची तीच चिठ्ठी. नवव्याने मात्र हात हलवत घरी जायचं.

त्या खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन मी म्हणत असणार, पण आत गारठा आणि मऊ गालिचा, पावलाचासुद्धा आवाज नाही. चिप्स बोटांत खेळवत सगळे बसलेले, आणि त्या टकटकीने डोळे उघडे असूनही गुंगी येत होती. वाटणारे हात माझेच आहेत असं मधूनच वाटायचं. ते जुवीचे होते. पत्ते वाटायला तिला मीच शिकवलं.

टेबलावर सगळ्यांत जास्त चिप्स क्लेटोकडे. हा झुंजीचे कोंबडे पाळतो आणि स्वतःही तसाच मान वर काढून बसतो. सगळ्यांत कमी तादेओकडे, तो सुक्या मासळीचा व्यापारी. त्याच्यापुढे तीनच चिप्स होत्या. दोन-चार डावांत पत्ते न बघताच चिप्स भरायची सक्तीची पाळी आली की त्या जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून जो तो तादेओच्या जाण्याची वाट बघत होता. बिचारा तोही बघत असावा.

जुवीने पत्ते वाटले. क्लेटोने आपल्या सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी पुढे लोटल्या. पुढची पाळी माझी. मी पत्त्याचा कोपरा उचलला. एक्का. दुसऱ्याचा उचलला. एक्का!

आई गं. बावीस वर्षांत किती जणांना वाटले असतील मी, आणि माझ्या हातात हे पहिल्यांदा. सगळे आवाज लांब गेले. दिवे पिवळे, मऊ झाले, आणि त्या दोन पत्त्यांखेरीज जगात दुसरं काही उरलं नाही. किती सुंदर दिसत होते म्हणून सांगू! त्यांच्याकडे बघत अशीच संध्याकाळपर्यंत बसून राहावंसं वाटलं.

"मानांग सेंदा, झोप लागली का?" क्लेटो म्हणाला. "घरी पलंग आहे ना?"

"मेल्या, तुझ्या कोंबड्यांना झोपव आधी," मी म्हटलं. मानांग म्हणजे थोरली ताई, पण त्याच्या बोलण्यात मान कसला!

पण डोकं ताळ्यावर होतं. त्याच्याशी भिडायचं तर माझ्याही सगळ्या चिप्स लावाव्या लागणार होत्या. पाच-सहा वेळांत एकदा एक्केही हरतात. जिंकले तर मिळणार काय? तीच चिठ्ठी, जी जरा धीर धरला तर मिळणारच आहे. हरले तर मीच नववी. याच जागी एक्के हातात आले म्हणून शहाणीसुरती माणसं बरबाद होताना मी पाहिली आहेत, आणि दर वेळी मनात ओरडले आहे, टाक रे बाबा, टाक! आता कळलं की ती का टाकत नव्हती. हात उठतच नाही हो. मी तो उचलला आणि पत्ते पालथेच सरकवून दिले. बाकीच्यांनीही टाकले.

क्लेटोने खदाखदा हसत आपले पत्ते उलटे केले. सत्ती आणि दुर्री. "ह्याच्यावर पळालात, मानांग! ह्या कचऱ्यावर!"

सगळे हसले. जुवीसुद्धा, ओठ दाबून. माझं रक्त नुसतं उकळत होतं. टाकलेले पत्ते तिथेच हातभर अंतरावर होते, "बघ रे, मी काय टाकलं!" एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर ही बाई एक्केसुद्धा टाकते हे क्लेटोला कळलं असतं आणि त्याने मला जगू दिलं नसतं. सांतो निन्योची, आमच्या बाळ येशूची शपथ, आयुष्यात इतकी गप्प मी कधी बसले नव्हते. जुवीने सगळे पत्ते गोळा करून पिसले, आणि ते एक्के गेले.

माझ्या शेजारी अटर्नी बासिल्यो होता, मऊ बोलणारा, पांढऱ्या केसांचा वकील. तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "तुम्हांला फसवलं त्याने, मानांग. मला नाही फसवू शकणार."

तादेओने तीन चिप्स लावल्या आणि काय नशीब, जिंकला! आणखी दोन डाव गेले. क्लेटोने पुन्हा सगळ्या चिप्स लोटल्या. अटर्नी ताठ बसला, माझ्याकडे बघून हसला आणि आपल्याही सगळ्या लोटल्या. त्याच्याकडे राजांची जोडी होती. क्लेटोकडे चौकी आणि पंजी, पुन्हा कचराच. पण टेबलावर उघडायच्या सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांत एक चौकी आली, मग एक पंजी आली. क्लेटोच्या दोन जोड्या झाल्या, राजांच्या एका जोडीला भारी. संपलं.

टाळ्या वाजल्या. तादेओ रडत मला मिठी मारत होता. मला जागा मिळाली होती, चिठ्ठीवर माझं नाव लिहून घेत होते, आणि मी अटर्नीकडे बघत होते. तो कोटाच्या बाहीत हात घालायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. मी जाऊन बाही धरली.

"मानांग," तो हळूच म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं इथे काढलीत. खरं सांगा. राजांची जोडी कुणी टाकली असती का?"

ते दोन्ही एक्के माझ्या जिभेवर आले. सांगायचं होतं, देवा, कुणाला तरी सांगायचंच होतं! आणि मी तेव्हा उलटे करून दाखवले असते, तर इथे एक्केसुद्धा टाकायचे असतात हे बघून यानेही राजे टाकले असते आणि हा माणूस आता जात नसता, हेही मला दिसत होतं.

"नाही हो," मी म्हणाले. "कुणीच टाकली नसती."

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"मघाशी तुम्हांला काहीच आलं नव्हतं ना?"

"काहीच नाही. कचरा होता."

बरं वाटलं, म्हणाला. मग माझा हात हातात घेऊन त्याने मला स्पर्धेसाठी शुभेच्छा दिल्या आणि तो गेला.