ओढ्यापलीकडची पेटी

वडील फेब्रुवारीत गेले आणि आमचा शुक्रवारचा नाच लंगडा झाला. बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही वर्षानुवर्षं वाजवत आलो. वडील फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, त्यांचा धाकटा भाऊ हॉबर्टकाका बँजोवर, मर्ल फ्लीनर माणसाएवढ्या उंच बासवर आणि मी गिटारवर. वडिलांची फिडल गेली म्हणजे धूनच गेली. बँजो ठिणग्या उडवतो, गिटार आणि बास जमीन धरून ठेवतात, पण माणसं नाचतात ती धुनेवर. दोन महिने मी गिटारवर धून कशीबशी ओढून नेली. एप्रिलच्या एका शुक्रवारी जोड्या नाचायच्या थांबून भिंतीपाशी कॉफी पीत उभ्या राहिल्या, तेव्हा मर्ल म्हणाला, "रीथा, आता कागद लावायला पाहिजे."

पेट्रोलपंपावर आणि दोन्ही चर्चच्या दारांवर मी कागद लावले. 'जुन्या नाचाच्या धुना आणि ब्लूग्रासची गाणी, दोन्ही वाजवणारं कुणी हवं आहे. शनिवारी दुपारी दोन वाजता या. कुणीही या.' आमच्याकडे पहिला निम्मा वेळ जुन्या धुना चालतात, नाचासाठी. नंतरचा निम्मा ब्लूग्रास, म्हणजे हॉबर्टकाकाची उंच पट्टीतली गाणी आणि प्रत्येकाने आळीपाळीने पुढे येऊन पळवलेली वाद्यं.

शनिवारी आधी आला टेट वॉम्पलर, पोस्टात काम करणारा. त्याचं ब्लूग्रास म्हणजे फटाक्यांची माळ. काका खुशीत आला. पण मी 'भुकेलं खेचर' ही जुनी धून वाजव म्हणाले तर टेट डोकं खाजवायला लागला. "जुन्या धुना मला येत नाहीत. कॉर्बेट डिंगससारख्या तर नाहीच नाही."

कॉर्बेट डिंगस म्हणजे माझे वडील.

टेट खुर्ची सरकवून बाजूला बसला, आणि दारात ऑर्फा किझर उभी राहिली.

आमच्या खोऱ्यात हे नाव घेतलं की आवाज खाली जातो. मी पंधरा वर्षांची होते तेव्हा खाणीत दहा महिने संप चालला. ऑर्फाचा नवरा लोवेल सातव्या महिन्यात संप मोडून कामावर गेला. त्यांच्या मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण हॉबर्टकाकाची बायको त्याच संपात माहेरी गेली ती परत आली नाही, आणि वडिलांनी नि काकाने तीन आठवडे तुरुंगात काढले. संपफोड्याला त्यानंतर कुणी हाक मारली नाही. ऑर्फा आमच्या शाळेत जेवण वाढायची. तिच्या हातचं खायला नको म्हणून आई मला घरून डबा द्यायला लागली. किझरांचं घर आमच्या घरासमोर, मधे फक्त ओढा आणि एक लाकडी पूल. सव्वीस वर्षं तो पूल आमच्यापैकी कुणी ओलांडला नाही. लोवेल फुप्फुसात कोळसा साठून मेला, तेव्हाही नाही.

"वाट चुकलात बाई," हॉबर्टकाका म्हणाला. "पण तुमच्या घरच्यांना बंद गेटातून आत शिरायची सवयच आहे म्हणा."

"आज गेट उघडं होतं, हॉबर्ट. कागदावर लिहिलंय, कुणीही या." तिने चामड्याची एक छोटी पेटी टेबलावर ठेवली. सहासष्ट वर्षांची बाई, अंगात चर्चला जायचा निळा झगा.

मर्लला शांतता सोसत नाही. "त्यात काय आहे? जेवण आणलंत का?"

"कॉन्सर्टिना. माझ्या आईची. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेत होती ती, खाणीच्या नाक्यावर भजनं वाजवायची."

पेटीतून तिने सहा कोनांचं वाद्य काढलं. दोन बाजूंना बटणं, मधे कागदाच्या घड्यांसारखा भाता. हॉबर्टकाका हसला. "आमचा तारांचा ताफा आहे. हवेवर चालणारं काही आम्हाला नको."

"मग तू गाणं बंद कर," मर्ल म्हणाला. "ऐकू तर दे. ऐकायला काय जातंय?"

खरं सांगायचं तर मलाही तिने जावं असंच वाटत होतं.

तिने 'भुकेलं खेचर' धरलं. त्या पेटीत एकच बटण भाता दाबला की एक सूर देतं आणि ओढला की दुसरा. त्यामुळे दर दोन-तीन सुरांना हाताला दिशा बदलावी लागते, आणि त्या बदलण्यात आपोआप एक हिसका येतो. वडिलांच्या गजात तोच हिसका होता. मर्लने नकळत बास उचलला. टेटचा बूट फरशीवर वाजायला लागला. तिसऱ्या फेरीला मी गिटार मांडीवर घेतली होती, कधी घेतली ते मला आठवत नाही.

"आता माझं गाणं वाजवा," काका म्हणाला. त्याचा गळा पांढरी सातचा, आणि त्याने मुद्दाम त्याच पट्टीतलं सर्वांत वेगाचं गाणं उचललं. ऑर्फाने दोन ओळी धडपड केली आणि भाता मिटला.

"इथे माझी पेटी मुकी आहे. या पट्टीतले सूर तिच्यात धड नाहीत. जमतं असं सांगून तुमचा वेळ घेणार नाही. पांढरी पाचमध्ये घेतलंत तर बघते."

"गळा काय बटण दाबून बदलू?"

तरी मर्लने पांढरी पाचमधलं एक जलद ब्लूग्रास सुरू केलं. तिच्या कपाळावर घाम आला. दोन ठिकाणी ती चुकली, एकदा मागे पडली, पण सोडलं नाही. संपल्यावर टेट म्हणाला, "बाप रे." तो चेष्टेने म्हणाला नव्हता.

"झालं ना?" काकाने बँजो खोक्यात ठेवायला घेतला. "टेट, पुढच्या शुक्रवारी सहाला ये."

"एक अजून वाजवते," ऑर्फा म्हणाली. "मग जाते. याला नाव नाही."

पहिल्या चार सुरांतच मी ती ओळखली. आई गेल्यावर वडिलांनी एक संथ धून बांधली होती. ती त्यांनी कधी व्यासपीठावर आणली नाही, आम्हाला शिकवली नाही. मी त्यांच्यासाठी जेवण घेऊन जायचे तेव्हा अंगणाकडून अर्धीमुर्धी कानावर यायची, आणि मी दार वाजवलं की थांबायची. फेब्रुवारीपासून किती संध्याकाळी मी ती आठवायला बसले होते! पहिला भाग हाती लागायचा, दुसरा निसटायचा. आता दुसरा भाग माझ्यासमोर होता, पुरा, वडील जिथे एक मात्रा जास्त थांबायचे तिथे थांबणारा.

तिने भाता मिटला.

"ही कुठे ऐकलीत?" मी विचारलं.

"घरी. ओढ्यापलीकडून यायची."

"नुसती ऐकून इतकी?"

ऑर्फाने हॉबर्टकाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नुसती ऐकून नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी चोरूनच वाजवायची. तुझे वडील ओसरीत वाजवायचे, मी स्वयंपाकघरात बसून हळूच शोधायची. एका उन्हाळ्यात खिडकी उघडी राहिली. मी एक जागा चुकत होते, सारखी तीच. पलीकडून फिडल थांबली. मला वाटलं, संपलं, आता शिव्या येणार. तर त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा वाजवला. सावकाश. मग गप्प. मी वाजवून पाहिला, चुकला. त्यांनी पुन्हा वाजवला. जमेपर्यंत." तिने कॉन्सर्टिना पेटीत ठेवली. "मग वर्षानुवर्षं तसंच चाललं, बाळा. मी चुकले की परत. बरोबर आलं की पुढचा तुकडा."

मला आईचं बोलणं आठवलं. 'इतकी वर्षं वाजवतोस आणि अजून तोच तुकडा काय घोकत बसलायस?' वडील म्हणायचे, 'गजाला राळ कमी पडलीय.' आणि मान तिरकी करून ओढ्याकडे तोंड करून बसायचे. पलीकडून काहीतरी पुसट वाजायचं. किझरीण भजनं म्हणतेय म्हणून आई खिडकी लावून घ्यायची.

"बोलले कधी तुमच्याशी?"

"एक शब्द नाही. सव्वीस वर्षांत एकही नाही. मीही नाही. तुझी आई गेली तेव्हा मी सफरचंदाचा केक करून पहाटे तुमच्या पायरीवर ठेवला. चार दिवसांनी ताट धुऊन पुलाच्या खांबावर ठेवलेलं होतं. आमचं बोलणं ते एवढंच."

"खोटं आहे," हॉबर्टकाका म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुरुंगात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपला होता कॉर्बेट. तो तुमच्याकडे थुंकलासुद्धा नसता."

"थुंकले नाहीत ते खरं," ऑर्फा म्हणाली.

"लोवेलनं आमच्या पाठीत सुरी घातली."

"घातली." ती हे इतक्या सरळ म्हणाली की काका गोंधळला. "मी नाही म्हणत नाही, हॉबर्ट. आमची पोर जगली. आज तिला दोन मुलं आहेत. लोवेलला शेवटपर्यंत झोप लागली नाही आणि तुझं घर मोडलं. मी हे सगळं घेऊनच इथे आलेय. क्षमा मागायला नाही आले. या धुना माझ्यापाशी आहेत, माझं वय झालं, आणि त्या तुमच्या आहेत."

काका बँजो उचलून निघून गेला. बाहेर त्याचा ट्रक तीनदा खाकरला, मग सुरू झाला.

मर्लने माझ्याकडे पाहिलं. "वडील तुझे होते. तूच बोल."

मला वडिलांचा राग आला होता. ज्या बाईच्या हातचं आम्हाला खाऊ दिलं नाही तिला ते धुना देत राहिले. मी दार वाजवलं की मात्र ते थांबायचे. पण मी तरी कधी बसले होते का पायरीवर, एखादा तुकडा जमेपर्यंत? जेवण ठेवून, गाडीची किल्ली हातात घेऊन, 'येते, पप्पा' म्हणून मी निघायचे. ऑर्फा पेटीचा पट्टा लावत होती. दोनदा तो तिच्या बोटांतून निसटला.

"पहिला निम्मा वेळ तुमचा," मी म्हणाले. "दुसऱ्याला टेट. चालेल?"

"चालेल," टेट म्हणाला. "मी लवकर येऊन ऐकत बसेन."

पुढच्या शुक्रवारी व्यायामशाळेत कुजबुज होती. संपातली चार कुटुंबं तिला पाहून कोट चढवून निघून गेली. म्हातारी जेट्टी व्हॅनोव्हर दारापर्यंत गेली, तिथे उभी राहिली आणि मग तिथल्या तिथेच एकटी पाय टाकायला लागली. नंतर ती मला म्हणाली, "मी काही तिला माफ केलेलं नाही बरं का. पण माझे गुडघे कॉर्बेटला ओळखतात."

हॉबर्टकाका साडेआठला आत आला, ऑर्फाचा वेळ संपल्यावर. टेटबरोबर दुसरा निम्मा वाजवला आणि कुणाशी न बोलता गेला. पुढचे कितीतरी शुक्रवार असंच. मर्लने मला एकदा सांगितलं की तो सातलाच येतो आणि ट्रकची काच खाली करून बाहेर बसून राहतो. मी काकाला काही विचारलं नाही.

मी मंगळवारी पुलावरून पलीकडे जायला लागले. ऑर्फा घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव पुढे ठेवते, मी खाते. मग ती बिननावाची धून तुकड्यातुकड्याने मला देते. दुसऱ्या भागात मी अजून चुकते. ती काही न बोलता पुन्हा वाजवते.

ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी सातच्या ठोक्याला काका बँजो घेऊन व्यासपीठावर चढला आणि माझ्या पलीकडे, ऑर्फापासून सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसला. ऑर्फा माझ्या दुसऱ्या हाताला, दीड हातावर.

"रीथा," तो म्हणाला, "तिला विचार, कुठली पट्टी?"

"पांढरी दोन," ऑर्फा मला म्हणाली.

"पांढरी दोन," मी काकाला म्हणाले. मर्ल बासच्या मागे तोंड लपवून हसत होता.

आता दोन वर्षं झाली, आणि असंच चाललंय. दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. गेल्या शुक्रवारी मी ती संथ धून पहिल्यांदाच सगळ्यांसमोर घ्यायची ठरवली. सुरू व्हायच्या आधी काकाने बँजोची खुंटी पिळली आणि माझ्या कानाशी म्हणाला, "तिला सांग, दुसऱ्या भागात ती फार वेळ थांबते."

"त्याला सांग, कॉर्बेट तेवढाच वेळ थांबायचे," ऑर्फा म्हणाली.

काकाने खुंटीवरचा हात काढला. माणसं जोड्या धरून वाट बघत उभी होती.

"बरं," तो म्हणाला. "मग मला सांग म्हणावं, केव्हा थांबायचं ते."

ऑर्फाने मान हलवली, आणि आम्ही सुरू केलं.