मनकर्णा ट्रान्सपोर्टची शेवटची खेप

भंगारवाल्याची क्रेन वलगावात आली तेव्हा मनकर्णाबाई अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. क्रेनचा माणूस जुन्या ट्रकच्या पुढच्या बंपरला साखळी लावायला वाकला, तशा त्या उठून त्याच्याजवळ गेल्या.

"कुठी नेऊन राहिला, बाबू?"

"अकोल्याले, आजी. यार्डात. उचलून नेतो."

"उचलून काहून? तिले चाकं नाईत का?"

त्यांचा मुलगा गोपाल घरातून लगबगीनं आला. गाडी दिवाळीपासून सुरू झालेली नाही, फिटनेसच्या दाखल्याची मुदत या महिन्यापुरतीच उरली आहे, असं त्यानं आईला पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

"माय, रस्त्यात बंद पडली तं लोकं हासतीन."

"हासू दे. पण मेलेल्या जनावरासारखी लटकून नाई जाणार ते. आपल्या चाकानं चालत जाईन ते."

क्रेन आली तशी परत गेली.

मनकर्णाबाईंचे यजमान जानराव हे पेढी नदीकाठच्या मळ्यातले माळी. त्यांच्या तरुणपणी अमरावतीच्या मोठ्या ट्रान्सपोर्टच्या गाड्या इथूनच भरधाव जायच्या, पण दोन टोपल्यांसाठी कोणी ब्रेक दाबत नसे. वांगी, पालक, इकडे जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर, सगळं रस्त्याच्या कडेला उन्हात सुकून जाई. एक दिवस जानरावांनी लांब नाकाची एक जुनी गाडी विकत आणली आणि तिच्या कपाळावर रंगवलेली पाटी लावली, 'मनकर्णा ट्रान्सपोर्ट, वलगाव'. बायकोचं नाव गाडीवर टाकतो म्हणून गावानं टिंगल केली. "मळा तिनं सांभाळला म्हनून गाडी आली," एवढंच ते म्हणाले. वलगाव ते अकोला, खोलापूर-दर्यापूरच्या रस्त्यानं, हात दाखवील त्याच्यासाठी गाडी थांबायची, मग माल एका टोपलीचा का असेना. एकीच्या चार गाड्या झाल्या, चारहींवर तीच पाटी. पुढे गावोगावी पिकअप आले, तशा तीन गेल्या. जानरावही गेले. ही चौथी तेवढी उरली होती.

गोपाल बापाच्या हाताखाली इंजिनात वाढला होता, पण कृषी केंद्र टाकल्यापासून त्याच्या हाताला ग्रीस लागलं नव्हतं. त्यानं भातकुलीहून पुंजाजीला बोलावलं. पुंजाजीनं या गाडीवर उमर काढली होती. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरायचे, म्हणून गाडी चालवणं बंद होतं. तो स्टुलावर बसून सांगायचा आणि गोपाल गाडीखाली पडून करायचा. बॅटरी नवी घातली, डिझेलच्या नळ्या साफ केल्या. शेवटी काळ्या धुराचा लोट सोडत गाडी सुरू झाली, तेव्हा पुंजाजी स्टुलावरून उठून उभा राहिला.

मनकर्णाबाईंनी विचारलं, "माल कोनता भरला?"

"माल? भंगारात चालली ना माय गाडी."

"तुह्या बापानं अकोल्याले रिकामी गाडी कधी नेली होती का?"

गोपालनं पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजी म्हणाला, "वैनी बरोबर बोलून राहिल्या."

मनकर्णाबाईंच्या मनात घरच्या मेथीच्या जुड्या आणि चार कट्टे वांगी न्यायचं होतं. पण गावात बातमी फिरली. सकाळी गोपाल बाहेर आला तर गाडीमागे टोपल्यांची रांग लागलेली. ज्यांच्या दारात स्वतःचे पिकअप उभे होते, तेही माल घेऊन आले होते. लोक हसतील म्हणून तो रात्रभर तळमळला होता, आणि इथं कोणी हसत नव्हतं. पोरं फाळक्यावर चढून टोपल्या वर घेत होती.

गोपाल स्टिअरिंगवर बसला, मधे मनकर्णाबाई, खिडकीशी पुंजाजी. खोलापूरच्या फाट्यावर सांबाराची टोपली पायाशी ठेवून एका बाईनं हात दाखवला. गोपालनं ब्रेक दाबला.

"मी माणिकबाई," ती म्हणाली. "माह्या सासूचा माल याच गाडीत जाये. आज माहा घ्या."

गोपालनं खाली उतरून तिची टोपली स्वतः चढवली.

दर्यापूर मागे पडलं आणि म्हैसांगच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ उसळली. रेडिएटरचा पाइप फुटला होता. सावलीला झाड नाही, मागे गाडीभर कोवळी भाजी. एक नवा पिकअप थांबला. त्यातला पोरगा उतरला.

"माल माह्या गाडीत टाका, काका. मी बी अकोल्यालेच चाललो."

 मनकर्णाबाईंनी मुलाकडे पाहिलं.

"थांब जरा, भाऊ," गोपाल म्हणाला. "मले पाहू दे."

त्यानं सीटखालची टायरची जुनी ट्यूब काढली, लांब पट्ट्या कापल्या आणि तापलेल्या पाइपावर घट्ट आवळून गुंडाळल्या. बोटं पोळली. पट्ट्यांवर आवळायच्या तारेची गाठ पुंजाजीला मारवत नव्हती, तो वरून तिचं टोक धरून राहिला. पिकअपवाल्यानं शेजारच्या शेतातून पाण्याच्या दोन कॅन भरून आणल्या. पाणी ओतलं, इंजिन सुरू केलं. पाइपातून एक थेंबही गळला नाही.

"कोठी शिकला हे?" पोरानं विचारलं.

"बापाजवळ," गोपाल म्हणाला. तो हात पुसू लागला. किती वर्षांत त्यानं हा शब्द असा मोठ्यानं उच्चारला नव्हता.

अकोल्याच्या भाजीबाजारात गाडी शिरली तशी हमालांनी वाट करून दिली. ओट्यावर एक म्हातारा अडत्या बसला होता. गाडीच्या कपाळावरचं नाव वाचून तो चष्मा सावरत खाली उतरला.

"मनकर्णा आली," तो आतल्या नातवाला म्हणाला. "ये बाहेर, पाह्य. हे गाडी आल्याशिवाय आमी भाव काढत नव्हतो."

मनकर्णाबाई केबिनमधून हळूहळू उतरत होत्या. अडत्यानं पुंजाजीला विचारलं, "ह्या कोन?"

"ह्याच मनकर्णा."

म्हाताऱ्यानं हात जोडले. हमाल थांबून पाहू लागले. मनकर्णाबाईंना काय करावं सुचेना. त्यांचं नाव या बाजारात रोज येऊन जात होतं, पण त्या स्वतः पहिल्यांदाच आल्या होत्या. मळा, पोरं, गडीमाणसं यात कधी जमलंच नाही. त्यांनी पदर सावरला आणि ओट्यावर त्यांच्यासाठी टाकलेल्या सतरंजीवर जाऊन बसल्या. चहा आला. त्यांच्यादेखत एकेक टोपली उतरली. माणिकबाईच्या सांबाराला गिऱ्हाईक लागलं तेव्हा त्या उठल्या.

यार्ड शहराबाहेर होतं. गोपालनं गाडी नीट सरळ रेषेत लावली आणि इंजिन बंद केलं. मग पाना काढून तो नावाची पाटी उतरवायला निघाला, घरी लावू म्हणून.

"राहू दे," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"माय, तोडून टाकतीन ते."

"टाकू दे. नाव ज्यानं पाह्याचं त्यानं पाह्यलं."

पुंजाजीनं बॉनेटवर हात ठेवला. गोपालनं किल्ली यार्डवाल्याच्या हातात दिली. मग तिघं रिक्षानं बसस्टँडवर गेले आणि दर्यापूरमार्गे अमरावतीला जाणाऱ्या एसटीत बसले.

कंडक्टरनं तिकिटं फाडताना सहज विचारलं, "अकोल्याले पाहुणे म्हनून आले होते का, आजी?"

"नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आमी माल घेऊन आलो होतो."